राऊत मिस्त्रींचं दार

राऊत मिस्त्रींच्या घराचं दार बंद व्हायला पाऊण मिनिट लागे. सालवडला आमची घरं भिंतीला भिंत लागून होती, म्हणून हे मी घड्याळ लावून सांगतो.

मिस्त्री एकटेच राहत. तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम चालू होतं. तिथे हवेच्या दाबावर चालणारी यंत्रं ते सांभाळत. हवेचा वेग कमी-जास्त करणारा पितळी व्हॉल्व्ह हे त्यांचं कुलदैवत. मजूर कंटाळून म्हणत, "मिस्त्री, हवा छोड़ो." मिस्त्री स्क्रू आणखी अर्धा आटा पिळत. "हवा हाय. घाई नाय."

घरच्या दारालाही त्यांनी सायकलच्या पंपाची नळी आणि तसलाच व्हॉल्व्ह बसवला होता. स्प्रिंग दार ओढे, नळीतली हवा बारीक सुस्कारे टाकत सुटे आणि दार सत्काराला निघालेल्या सभापतीसारखं सरके. तेवढ्यात शेजारची बकरी आत शिरून कॅलेंडरचे दोन महिने खाऊन परत येई.

"मिस्त्री, निदान बकरीला तरी अडवा."

"येणाऱ्याला अडवायचं नाय, गुरुजी. जाणाऱ्याला अडवायचं. व्हॉल्व्हचं कामच ते."

हे तत्त्व ते माणसांनाही लावत. वाणगावच्या मेहुण्यांची त्यांनी इतक्यांदा गाडी चुकवली की मेहुणे येईनासे झाले. आमच्याकडे आले की मिस्त्री स्वतःच जाणारे, म्हणून स्वतःलाच अडवत. दोन चहा होईपर्यंत उठत नसत.

पुढे माझी पत्नी अंथरुणाला खिळली. झोप एवढंच औषध उरलं होतं, आणि आमचं दार आपटलं की ती दचकून जागी होई. एका रविवारी मिस्त्री न बोलावता पंप घेऊन आले. "वहिनी झोपल्या पायजेत." सबंध सकाळ उंबऱ्यावर बसून स्क्रू फिरवत राहिले. मला वैतागच आला. पण त्यानंतर दार वाजलं नाही. शेवटचे दोन महिने ती दुपारची झोपली.

तेराव्यानंतर मी त्यांना बोलावलं. "काढून न्या ते. आता कुणाची झोप मोडायची आहे?"

मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि तसाच धरून ठेवला.

"असू द्या थोडे दिवस," ते म्हणाले. "आपण आत आलो तरी दार लगेच मिटत नाय. वाटतं, मागून कोणतरी येतंय."

"तुमच्याकडे केव्हापासून आहे?"

"आमची गेली तवापासून."

आणि चहाचं नाव न काढता ते जायला उठले.

"बसा, मिस्त्री," मी म्हटलं. "मी टाकतो."