एका दिवसाच्या गाडीची पूजा

आमचे रावकाका भाड्याच्या गाडीची पूजा करतात. विकत घेतलेल्या गाडीची सगळेच करतात, पण ती काही त्यांनी कधी घेतली नाही. सकाळी आणलेली आणि रात्री परत करायची गाडी, तिला हार, हळदकुंकू, चारी चाकांखाली लिंबं, आणि किल्ली ताटात घालून पिळ्ळैयारच्या, म्हणजे आपल्या गणपतीच्या, पायाशी. एकदा गाडी परत घेणाऱ्याने बॉनेटवरचं कुंकू बघून मला हळूच विचारलं, ही गाडी तुम्हाला विकली असं कोणी सांगितलं का?

"आज आपली की नव्हे, तम्बी?" एवढंच काकांचं उत्तर. तम्बी म्हणजे धाकटा भाऊ. मी त्यांच्या निम्म्या वयाचा आहे, पण चालतं.

राव तंजावरकडचे मराठी. घराणं कधीच्या काळी तिकडे गेलं, आणि सोबत नेलेली मराठी अजून जपून वापरतायत. 'मज ठाऊक', 'तुम्हांस हवें काय', आणि मध्येच तमिळ हेल काढून 'सेरी, सेरी', म्हणजे बरं, बरं. मी सांगलीचा. नोकरी चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टैला, गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात. राहतो अंबत्तूरला, काकांच्या वरच्या मजल्यावर. सामान चढवताना मी फोनवर आईशी बोलत होतो, ते यांनी ऐकलं आणि मला हाताला धरून जेवायलाच नेलं. सांबार वाढता वाढता बजावलं, की हे तमिळांचं नव्हे, आपलं, तंजावरच्या मराठ्यांनी काढलेलं. माझ्या शेजारच्या तमिळ मित्रासमोर हे बोलायची माझी अजून छाती झालेली नाही.

पूजेचं वेड गाडीपुरतं नाही. नवा मिक्सर, इमारतीची दुरुस्त झालेली लिफ्ट, कशालाही उदबत्ती ओवाळतील. पाण्याचं यंत्र बसवायला आलेल्या माणसाच्या ड्रिललाही आधी गंध लावलं. तो बिचारा हात जोडून उभा राहिला. इकडे आयुधपूजा, म्हणजे आपली खंडेनवमी, वर्षातून एकदा येते, काकांकडे ती मुक्कामालाच असते.

तर त्या दिवशी मीनाक्षी येणार होती. काकांची एकुलती एक मुलगी, सिंगापूरला असते. तीन वर्षांपूर्वी काकू गेल्या. दिवस करून मीनाक्षी गेली ती परत आलेली नव्हती. फोन रोज. पण अम्मा नाही त्या घरात माझ्याने पाय टाकवणार नाही, असं तिने सरळ सांगितलं होतं आणि काकांनीही कधी गळ घातली नाही. आता मैत्रिणीच्या लग्नाला ती पुण्याला चालली होती, आणि दोन विमानांच्या मध्ये दुपारभर चेन्नईत होती. काकांनी बेत केला: मी गाडी चालवायची, तिला विमानतळावरून घ्यायचं, कुठेतरी सावलीला उभं राहायचं आणि तिला घरचं जेवू घालायचं. "घरी ये म्हणणार नाही मी," ते म्हणाले. "गाडीत बसून जेवेल." पहाटेपासून स्वयंपाकघरात होते.

डबे मागच्या सीटवर ठेवले, काकांचा फोनही तिथेच राहिला. गल्लीच्या तोंडाशी देऊळ. मी गाडी लॉक केली आणि रीतीप्रमाणे किल्ली ताटात ठेवली. पुजाऱ्याला दुपारी देऊळ बंद करून कुठल्याशा मुंजीला पळायचं होतं. त्याने भराभरा मंत्र म्हटले. काका चाकांखाली लिंबं ठेवायला बाहेर आले आणि नारळ असा आपटला की तो फुटायच्या ऐवजी गडगडत रस्त्यावर गेला. मी त्याच्यामागे. नारळ घेऊन परत येतो तो देवळाच्या जाळीला कुलूप आणि पुजाऱ्याची स्कूटर वळणावर दिसेनाशी झालेली.

किल्ली काकांकडे असं मला वाटलं. माझ्याकडे, असं त्यांना.

किल्ली दिसत होती. जाळीतून, पिळ्ळैयारच्या पायाशी, जास्वंदीला टेकून. पुजाऱ्याचा फोन बंद. देवळासमोरची फुलवाली म्हणाली, देऊळ आता चार वाजता उघडेल, काळजी कसली, देवापाशीच तर आहे. गाडीवाल्यांची दुसरी किल्ली शहराच्या दुसऱ्या टोकाला. संध्याकाळपर्यंत बघू म्हणाले. काच फोडू या का, असं मी विचारून बघितलं. काका दुखावले. आत्ताच पूजा केली तिची, आणि लगेच काच फोडायची?

"मग टॅक्सी करून जाऊ या विमानतळावर," मी म्हणालो.

ते देवळाच्या पायरीवर बसले. "जाऊन कुठें बसवूं तिला?" म्हणाले. "त्या खुर्च्यांवर? लोकांच्या सामानांत? जेवण येथें आंत, मी रिकाम्या हातानें जाऊं?"

पूजा करून करून माणूस शेवटी इथे येऊन बसला. मला राग आला होता, आणि त्यांच्याकडे बघवतही नव्हतं. मी मीनाक्षीचा नंबर मागितला. तो त्यांनी झोपेत विचारलं तरी सांगतील तसा सांगितला. फोनवर मी सगळं सांगितलं, ते तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, अप्पांना तिथेच थांबवा, मी येते.

टॅक्सीतून उतरली, एक पाठपिशवी घेऊन. चाकांखालची चार लिंबं बघून तिला हसू फुटलं, मग जाळीतली किल्ली बघून आणखी. काका काही हसले नाहीत. काचेतून तिला डबे दाखवत राहिले, कोणत्या डब्यात काय आहे ते सांगत. ती पायरीवर त्यांच्याजवळ बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "अप्पा, भूक लागली."

मी फुलवालीकडे फुलं बघायला गेलो.

"घरीं भात उरला आहे," काका गाडीकडे बघत म्हणाले. "रसमही."

ती उठली. घर त्याच गल्लीत.

काकांनी कुलूप काढलं आणि बाजूला झाले. ती उंबऱ्याशी उभी राहिली, इतका वेळ की आता ही माघारी फिरणार असं मला वाटलं. मग चपला काढून आत गेली. काका बाहेर जिन्यापाशीच. मी म्हटलं, जा ना. त्यांनी मान हलवली.

आत डब्यांची झाकणं वाजली. मग तिचा आवाज आला, "अप्पा, कॉफीची पूड कुठे असते आता?"

काकांनी पंच्याने डोळे पुसले. 

"अम्मा ठेवीत असे तेथेंच," ते म्हणाले. "मी कांहीं हलवलें नाहीं गे." आणि आत गेले.