आप्पासाहेबांच्या हॉलमधले शहाणे दिवे

छातीठोकपणे सांगतो, ग्रीन बिल्डिंग म्हणजे हिरव्या रंगाची इमारत असं अर्धं पुणं समजत होतं, तेव्हा मी खडकीच्या कारखान्यातली पक्की नोकरी सोडून तोच धंदा सुरू केला! दोन हजार पाच-सहाचा काळ. रोज नवी आयटी कंपनी उघडत होती आणि प्रत्येकीला जागा हवी होती. मी बायकोला, प्रेमलाला म्हटलं, "वाहत्या गंगेत हात धुऊन घ्यायचे!"

"आधी तोंड धुवा. चहा गार होतोय," ती म्हणाली.

पहिलं काम मिळालं धायरीला. आप्पासाहेबांच्या जमिनीवर त्यांच्या मुलाच्या, सौरभच्या कंपनीचं छोटंसं ऑफिस. ते पसंत पडलं, तर शेजारची आमराई काढून तिथे सहा मजली ग्रीन बिल्डिंग मीच उभी करणार, असं ठरलं होतं. आणि नाही पडलं, तर परत खडकी, साहेबापुढे नाक घासत!

मी जीव ओतला हो त्यात! एसी नको म्हणून हॉल जमिनीखाली. वारा यायला गच्चीपर्यंत गेलेला उंच झरोका. आणि दिवे तर माणसापेक्षा शहाणे! कोणी हललं की लागायचे, मिनिटभर कोणी हललं नाही की आपोआप विझायचे. विजेची बचत!

उद्घाटनाला झाडून सगळी भावकी आली. आप्पासाहेब बोलायला उठले.

"आज माजा थोरला भाऊ, बापूदादा हवा हुता. ही जमीन त्येची. माज्या आमराईपाशी वीट चढू देनार न्हाई म्हनायचा. गेल्या साली गेला बिचारा. दोन मिनिटं उभं ऱ्हाऊन त्येला श्रद्धांजली वाहू."

सगळे उठले. माना खाली, हात बाजूला. कोणी हलेना, कोणी खोकेना. मीसुद्धा गंभीर चेहरा करून उभा. आणि मधेच सगळे दिवे विझले!

डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा काळोख! तेवढ्यात त्या उंच झरोक्यात वारा शिरला आणि वरून आवाज आला, "हूंऽऽऽ!"

"बापू आला गं बाई!" मागे कुणी म्हातारी पुटपुटली.

दिवे माझे, झरोका माझा. पण देवाशपथ सांगतो, त्या वेळी मला फक्त बापूराव आठवले! सगळी माणसं जागच्या जागी थिजली. थिजली म्हणून कोणी हलेना, हलेना म्हणून दिवे लागेनात, आणि दिवे लागेनात म्हणून माणसं आणखीच थिजली!

"अहो," प्रेमला कुजबुजली, "तुमचेच ना हे शहाणे दिवे? हात हलवा की!"

"गप! हलू नकोस! त्यांचं लक्ष जाईल आपल्याकडे!" तिचा हात मी मघापासूनच घट्ट धरून ठेवला होता.

तोवर आप्पासाहेबांचा धीर सुटला. "दादा, चुकलो रे! आमराईच्या पानाला हात लावनार न्हाई! आता एक वीट जरी चढवली, तर नावाचा आप्पा न्हाई!" असं म्हणून त्यांनी धाडकन साष्टांग दंडवत घातला.

ते हलले. दिवे लख्ख लागले!

"पावला! दादा पावला!" सगळ्या हॉलने हात जोडले.

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. "अहो आप्पासाहेब, शपथ कसली घेताय! तो सेन्सर आहे!"

"माज्या भावाला सेन्सर म्हन्ता?"

"नाही हो! सिद्ध करून दाखवतो! पुन्हा मिनिटभर स्तब्ध उभे राहा, दिवे विझतील!"

बिचारे राहिले उभे. पण मघाशी थिजलेली माणसं आता सुटली होती, ती लटलटा कापत होती! आप्पासाहेबांचं धोतर फडफडत होतं. सौरभच्या, त्या कॉम्प्युटर इंजिनिअरच्या, गुडघ्यावर गुडघा आपटत होता. दिवे कसले विझतायत! एक मिनिट गेलं, पाच गेली. मी घामाघूम.

"बघा," आप्पासाहेब डोळे पुसत म्हणाले, "सबूद दिल्यापास्नं दिवा जरा म्हून मिनमिनला न्हाई."

परतताना मी रिक्षात तोंड पाडून बसलो.

"वाईट कशाला वाटून घेता?" प्रेमला म्हणाली. "सहा मजल्यांच्या जागी अख्खी आमराई. एवढी हिरवी इमारत पुण्यात कोणाला तरी जमलीय का?"

घरी आलो. कुलूप काढलं, बटण दाबलं. काळोख! मी उंबऱ्यातच थिजलो.

"अहो, लोडशेडिंग आहे," मागून प्रेमला म्हणाली. "हला आता. सकाळी खडकीला जायचंय ना?"