गोड्या पाण्याच्या मेश्राम मॅडम

मेश्राम मॅडम लग्नाला गेल्या की आधी पाणी बघतात, मग नवरी. ग्लास हातात आला की तो उजेडाकडे धरायचा, हलवायचा, हुंगायचा, एक घोट तोंडात घोळवायचा आणि वाढप्याला विचारायचं, "बोअरचं हाय का टँकरचं?" माझ्या पुतणीच्या लग्नात त्यांनी असाच घोट घेतला आणि पर्समधून बाटली काढून उरलेलं पाणी तिच्यात ओतलं. मुलाचे वडील समोरच उभे होते. "सोमवारी सांगते," मॅडम त्यांना म्हणाल्या. सोमवारपर्यंत त्या गृहस्थांनी मला चार फोन केले.

मॅडम आमच्या कॉलेजात गोड्या पाण्याचं शास्त्र शिकवतात. नद्या, तलाव, विहिरी, त्यांतले जीव आणि त्यांत मिसळणारी घाण, असं सगळं त्यात येतं. मी इतिहास शिकवतो. माझ्या विषयातली माणसं केव्हाच मरून गेल्यामुळे मला कसली घाई नसते. मॅडमना मात्र एका जागी दहा मिनिटं बसवत नाही. चहा उभ्यानं, पेपर तपासणं उभ्यानं, प्राचार्यांशी भांडण तर चालता चालता. कोणी काहीही विचारलं की उत्तर एकच, "बसून काय होते? चाला, पाहून येऊ." आणि मॅडम कॉलेजामागच्या तळ्याकडे सुटतात. एकदा मी नुसतं म्हणालो होतो की आज फार उकडतंय. त्या दिवशी माझे नवे बूट कामातून गेले.

पाणी शिकून पोटाला काय मिळणार, असं पोरांना वाटतं. म्हणून मॅडमनी कँटीनच्या भिंतीवर, समोशाच्या दरपत्रकाशेजारी, स्वतःच्या हातानं लिहिलेला एक तक्ता लावलाय. जलशुद्धीकरण केंद्रं, मत्स्यपालन, खाणीतलं पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळा, मिहानच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांचं सांडपाणी, संशोधन संस्था. नवी जागा निघाली की ती लाल स्केचपेननं. समोसा खाता खाता कोणाची नजर तक्त्याकडे गेली की तो संपला. मॅडम तिथंच त्याचा अर्ज भरून घेतात. एकदा अर्धा अर्ज भरून झाल्यावर कळलं की तो कुरिअर द्यायला आलेला माणूस आहे. "मंग काय झालं? बीएस्सी हाय ना तो!" मॅडम म्हणाल्या, आणि उरलेला अर्ध्या पानाचा मजकूरही भरला.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या वर्गात प्रणाली होती. सावनेरची, बाप कोळसा खाणीत. पोरगी हुशार, तळ्यात उतरायला सगळ्यांत पुढे. एके दिवशी तिचा बाप स्टाफरूमच्या दारात उभा राहिला.

"मॅडम, पोरगी म्हणते का मी गोड्या पाण्याचं शिकून राहिली. माह्या साळ्याची रसवंती हाय. तिले तिथंच लावून देऊ का?"

मला हसू आवरेना. मॅडम मुळीच हसल्या नाहीत. "चाला दादा, पाहून येऊ," म्हणून त्यांनी त्याला तळ्यावर नेलं, बाटली भरली, प्रयोगशाळेत आणून त्यातला एक थेंब मायक्रोस्कोपखाली ठेवला. त्यानं डोळा लावला.

"बाप्पा! हे कोण हाय?"

त्यानं 'काय' विचारलं नाही, 'कोण' विचारलं. मॅडमना हा माणूस तिथंच आवडला असावा.

"पाणपिसू. हे हाय म्हणजे तळं अजून जित्तं हाय."

पुढच्या आठवड्यात तो पाच बाटल्या घेऊन आला. घरचा हातपंप, बहिणीची विहीर, आणि बाकी नातेवाइकांचं कुठलं कुठलं पाणी. "हे साळ्याच्या रसवंतीतल्या ड्रमाचं पह्यले पाहा," तो हळूच म्हणाला.

इतका पक्का झालेला माणूस, पण वर्ष संपताना अडून बसला. दक्षिणेतल्या एका तलावावरच्या संशोधन केंद्रात प्रणालीची निवड झाली होती. शुक्रवारपर्यंत पालकांच्या सहीसकट होकार कळवायचा होता. प्रणाली रडत आली. "बाबा नाई म्हणून राहिले. म्हणतात, मिहानमधी काई पाह्य, रोज संध्याकाळी घरी येशील."

गुरुवारी मॅडमनी मला एसटीत घातलं. "तुम्ही चाला सर. पुरुष माणूस सोबत असला की बाप लोक आयकून तरी घेतात." गाडी अर्धी रिकामी होती. मॅडम सावनेरपर्यंत दांडा धरून उभ्या.

अंगणात मी खाटेवर बसलो. मॅडम येरझारा घालत होत्या. तिथली भाषा? सहा महिन्यांत येते. राहायचं? पोरींचं होस्टेल हाय. बिमार पडली तर? दवाखाना फाटकाजवळ. पुढं काय? पुढं पीएच.डी., नाही तर देशात कुठंही नोकरी. बापाच्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर तयार होतं. शेवटी तो हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, तुमची पोरगी असती त पाठवली असती का इतक्या दूर?"

मॅडम जागच्या जागी थांबल्या.

"मले पोरगी नाई, दादा," त्या म्हणाल्या. "पण दर वर्षी एक जाते माही."

बापानं आत हाक मारली, "प्रणाली, तो कागद आण वं. सही कुठं कराची हाय?"

प्रणाली गेली. आता दर शनिवारी दुपारी तिचा बाप मॅडमना फोन करून पोरीची खुशाली सांगतो. त्याचा आवाज असा खणखणीत, की फोन कानाला असला तरी सगळ्या स्टाफरूमला ऐकू जातो. गेल्या शनिवारी सकाळी मी मॅडमना सहज विचारलं, "प्रणाली काय म्हणते? तिचा स्वतःचा फोन असतो का?"

"दिवाळीपासून नाई. कामात असन," टेबलावरच्या बाटल्या इकडून तिकडे करत त्या म्हणाल्या. "कामातच असाले पाह्यजे."

दुपारी नेहमीचा फोन आला.

"मॅडम, पोरगी आत्ताच बोलली. बोटीत होती म्हणे! तुमाले करते ना फोन? नाई करत असन त सांगा, झापतो तिले."

"करते ना दादा. कालच केला होता. अर्धा तास बोलली."

मॅडमनी माझ्याकडे पाठ केली. पलीकडून तो हौसेनं विचारत होता, "काय म्हणत होती?"

मॅडमनी टेबलावरची एक बाटली उचलून उजेडाकडे धरली.

"विचारत होती," त्या म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही जेवल्या का?"