तरोट्याला पाणी घालणारा पटवारी

तुळशीराम पटवारी मला पहिल्यांदा दिसले ते धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, पालथे पडलेले. मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, नुकतीच गेली होती, गावोगाव मोजण्या चालू होत्या आणि मी नागझिऱ्याच्या जंगलाजवळच्या गोरेगावच्या शाळेत मास्तर म्हणून नवाच रुजू झालो होतो. शाळेच्या वाटेवर पाहतो तर दोन भाऊ मोजणीची साखळी धरून खोळंबलेले, आणि त्यांच्या मधे टोपीवाला एक गृहस्थ हनुवटी मातीला टेकून निपचित. साप चावला असं समजून मी ओरडत धावलो.

"हळू बोला जी," थोरला भाऊ म्हणाला, "पटवारीसाहेब पिवळं पाहून राह्यले."

पिवळं म्हणजे फुलपाखरू. गवतातून जमिनीलगत उडणारं, लहानसं. आमच्याकडे ते इतकं आहे की कुणी त्याच्याकडे मान वळवूनही पाहत नाही. पटवारी उठले, कोपरं झटकली आणि ओळखदेख नसताना मला शिकवू लागले.

"मास्तर, हे बसलं का पंख मिटते. उघडून दाखवतच नाही. म्हणून खाली पडा, ऊन त्याच्या मांगून येऊ द्या, मंग पंखाच्या आरपार काळी किनार दिसते. रुंद किनार म्हणजे पावसाळी पिवळं. पाऊस सरल्यावरचं येगळं. त्याची किनार नावापुरती, आन पंखाखाली तपकिरी डाग. दोन येगळे खातेदार होत ते."

मग साखळी पुढे सरकली. दोघा भावांचं दुपारचं जेवण त्या दिवशी चुकलं, पण कुणी कुरकुरलं नाही. कुणाच्या घरची कोंबडी न खाणारा पटवारी मिळाला, तर लोक एवढं सोसतात.

ते माझे शेजारी निघाले. "मोका पाहिला का?" हा त्यांचा आवडता प्रश्न. मोका म्हणजे प्रत्यक्ष जागा. कुणी सांगितलं, तळं भरलं, की हे विचारणार, "मोका पाहिला का?" बायकोनं सांगितलं, वरणात मीठ बरोबर आहे, तरी हाच प्रश्न.

बायको, पार्वताबाई, नागझिऱ्याकडची. अख्ख्या गावात पटवाऱ्याला न भिणारी ती एकटीच. मूलबाळ नव्हतं. संध्याकाळी दोघं ओसरीवर बसत आणि त्या पिवळ्यावरून भांडत. लग्न झाल्यापासूनचं भांडण होतं ते.

"येकच होय जी," ती म्हणायची. "पाऊस गेला का आंगावरचं बदलते. लहानपणापासून तरोट्याची भाजी खुडून राह्यली मी. दोघंही त्याच पाल्यावर अंडी घालतेत."

"तू मोका पाहिला का? बदलताना पाह्यलं का?"

"तुमी कायले येवढे अडून बसता?"

पटवारी माझ्याकडे पाहून हसायचे. मीही हसायचो. आज त्याची लाज वाटते. ती रागावली की चहात गूळ घालत नसे, आणि पटवारी तो चहा बिनतक्रार प्यायचे.

एका आषाढात पार्वताबाईला ताप आला आणि चार दिवसांत ती गेली. तेरवी झाली तशी पटवाऱ्यांनी साखळी उचलली. ओसरीवर मात्र ते बसेनासे झाले.

कार्तिकात गावभर बोभाटा झाला की पटवारी तरोट्याला पाणी घालतो. आता तरोटा हे उकिरड्यावर आपोआप उगवणारं झुडूप. पावसाळ्यात कोवळ्या पाल्याची भाजी होते, पुढे शेंगा धरून ते वाळून जातं. गुरंही त्याला तोंड लावत नाहीत. आणि हा माणूस विहिरीवरून घागरी आणून ते हिरवं ठेवत होता, भोवती बांबूचं कुंपण घालून.

"कायले जी?" विहिरीवर बायांनी विचारलं.

"काम आहे," एवढंच ते म्हणाले.

झालं. पटवारी ज्याची निगा राखतो त्यावर उद्या सरकार सारा बसवणार, असा गावानं हिशेब केला. आठ दिवसांत घरोघरच्या परसातला तरोटा मुळासकट उपटला गेला. शाळेच्या मागचाही गेला. परिणाम एवढाच झाला की गावातली सगळी पिवळी पटवाऱ्याच्या परसात येऊ लागली.

त्यांनी मला एका पानावरचं अंडं दाखवलं. तांदळाच्या कणीपेक्षा बारीक, पांढरं, उभं. "माय रुंद किनारवाली होती. मी पडून पाह्यलं." त्या फांदीवर त्यांनी पार्वताबाईच्या जुन्या, विरून जाळी झालेल्या लुगड्याचा तुकडा पिशवीसारखा बांधला, दुसरं कुणी तिथे अंडं घालू नये म्हणून. पुढे हिरवी अळी झाली, तिनं पाला खाल्ला, मग काडीला तिचा कोष लटकला. पटवारी रोज दोनदा बघायचे.

मला राग आला. मेलेल्या बायकोला खोटं पाडण्यासाठी एवढा खटाटोप? मी सरळ म्हणालो, "आता तरी भांडण सोडा." त्यांनी घागर उचलली.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी त्यांनी कुंपणावरून हाक मारली. कोष फुटला होता. शेजारी पिवळं पंख मिटून बसलेलं. मी न सांगता पालथा पडलो, ऊन पलीकडून घेतलं. किनार टोकाला जेमतेम, पंखाखाली तपकिरी डाग. रुंद किनारीच्या आईच्या पोटी पाऊस सरल्यावरचं पिवळं.

"म्हणजे पार्वताबाईंचं खरं होतं," मी म्हणालो.

"मले शंका होतीच, मास्तर. लई वर्षांपासून." ते मातीतच बसले. "पण मानलं असतं तर संध्याकाळी बोललो काय असतो? तापात पडल्या पडल्या म्हणे, आता तरी येकच म्हणा. मी म्हणलो, कार्तिकात मोका पाहू, मंग सांगतो. मले वाटलं, कार्तिकासाठी तरी राहील."

मीही त्यांच्याशेजारी मातीत बसलो.

त्यांनी लुगड्याची गाठ सोडली. पिवळं थोडं थरथरलं, उडालं आणि कुंपणाखालून गवतात गेलं. पटवारी उठून ओसरीपाशी गेले, टोपी काढली.

"येकच होय वो," ते उघड्या दाराकडे पाहून म्हणाले. आणि आतून कुणी काही बोलेल म्हणून थोडा वेळ तसेच उभे राहिले.