पाठ कायले दिली देवानं?

दापोऱ्यात आमच्या शेजारी राहणाऱ्या ओंकार महाजनाच्या घरात डोक्यावर ओझं घ्यायला बंदी होती. घागर असो, गवताचा भारा असो की केळीचा घड, जे काही न्यायचं ते पाठीवर. कुणी कुरकुरलं की तो डोळे वटारून विचारायचा, "पाठ कायले दिली देवानं?"

आता आमच्या केळीच्या गावात पोर चालायला लागलं की चुंबळ वळायला शिकतं. कापडाचं ते वेटोळं डोक्यावर ठेवायचं, वर घड चढवायचा आणि दोन्ही हातांनी धरून शेतापासून गाडीपर्यंत पळत सुटायचं. ओंकारच्या मजुरांनी एकदा त्याचं ऐकलं आणि घड पाठीला बांधले. केळी अशी काळी पडली की व्यापारी खाली वाकलासुद्धा नाही. पुढच्या हंगामाला मजूर फिरकले नाहीत. तेव्हा संस्थानं विलीन होत होती, म्हणून हा त्यांना ऐकवायचा, "राजांनी डोक्यावरचा मुकुट उतरवला, तुम्ही कोण लागून गेले?"

बायको मात्र कुठे जाणार? भागीरथीवहिनी पूर्वी डोक्यावर एक आणि कमरेवर एक अशा दोन घागरी विहिरीवरून आणत. आता एकच, कमरेवर. म्हणजे खेपा दुप्पट. "गुरुजी," त्या मला म्हणायच्या, "तुमच्या दोस्ताची पल्टण मीच हाये. रोज मलेच कवायत."

तो स्वतःही सुटला नव्हता. गोणपाटाला दोरीचे पट्टे लावून त्यात वाळू भरायची आणि रोज पहाटे पाठीवर टाकून बऱ्हाणपूरच्या वेशीपर्यंत जाऊन यायचं. वैशाखातसुद्धा. गाव हसायचं. मीही हसायचो.

याचं मूळ त्याने एकदाच सांगितलं, आमच्या ओट्यावर बसून. ओंकार पलटणीत होता. विमानातून छत्रीने उड्या मारणारी निवडक तुकडी असते, तिच्यासाठी त्याने आपणहून नाव दिलं होतं.

"झोपू देत नव्हते, गुरुजी. उपाशीपोटी पळवत. भले भले रडून परत गेले. पण सगळ्यात वंगाळ काय, तर किती राह्यलं ते सांगत नव्हते. इचारलं की उस्ताद म्हणे, 'बस, सामने.' सामने म्हणजे कुठी, ते त्यालेच ठाऊक."

हा टिकला. राहिली होती फक्त शेवटची लांब चाल. पाठीवरच्या बोजाने सालटं निघालेलं, डोकं चालेनासं झालेलं. "मंग मले आपलं वावर दिसाले लागलं," तो म्हणाला. त्याच्या हातांनी आपोआप पायाला गुंडाळलेली फौजी कापडी पट्टी सोडली, तिची चुंबळ वळली, बोजा डोक्यावर चढवला, वर बंदूक आडवी ठेवली आणि हा पठ्ठ्या पळत सुटला. सगळ्यांच्या आधी पोचला. बोजा तसाच दोन्ही हातांनी धरून साहेबासमोर हसत उभा राहिला.

साहेब म्हणाला, "दोनों हाथ ऊपर? दुश्मन आने के पहले ही?"

सगळी तुकडी खो खो हसली. त्याच संध्याकाळी त्याला जुन्या पलटणीत परत धाडलं. तिथे तो 'केलेवाला' झाला. वर्षभरात पलटणीतून नाव काढून घेऊन घरी आला.

तेव्हापासून माझ्याकडून तो इंग्रजीत अर्ज लिहून घ्यायचा. 'एक डाव परत घ्या, आता पाठीवर नेतो.' उत्तर यायचं नाही. वयाची अट होळीला उलटणार होती, ते त्यालाही ठाऊक होतं. बिनउत्तराचा महिना गेला की तो पोत्यात शेरभर वाळू वाढवायचा. पाठीला बाक आला. वहिनी हळद लावायच्या.

होळीनंतर उत्तर आलं. दोन ओळी होत्या. वय उलटलं आहे, पुन्हा अर्ज करू नये.

ते पाकीट मी आठ दिवस शाळेच्या हजेरीपटात दडवलं. तो रोज वाळू घेऊन माझ्या दारावरून जायचा आणि मी तोंड फिरवायचो. भेकडपणा, दुसरं काय! नवव्या दिवशी त्याला हाक मारून कागद पुढे केला. इंग्रजी त्याला येत नव्हतं.

"किती राह्यलं म्हणतात, गुरुजी?"

"काही राहिलं नाही, ओंकार."

त्याने कागद दुमडून खिशात घातला. मग माझ्याच अंगणात त्याने पोतं उपडं केलं, झटकलं, नीट घडी घातली आणि घरी गेला. दोन अंगणांमध्ये नुसतं काट्यांचं कुंपण होतं, पलीकडचं सगळं दिसत होतं.

वहिनी कमरेवर घागर घेऊन दारात पोचत होत्या. ओंकारने ट्रंक ओट्यावर आणून उघडली आणि पायाची ती पट्टी बाहेर काढली. इतकी वर्षं धुऊन, घडी करून ठेवलेली. उकिडवा बसून त्याने तिची चुंबळ वळली, अगदी सावकाश, आणि उठून वहिनींच्या डोक्यावर ठेवली.

"आता दोन आणत जा," तो म्हणाला. "तुजी एक खेप वाचली."

वहिनी रडायला लागल्या. त्याने त्यांच्या कमरेवरची घागर उचलली आणि त्यांच्या डोक्यावरच्या चुंबळीवर चढवली. त्याचे दोन्ही हात वर. घागर केव्हाच नीट बसली होती, पण ते हात खाली घ्यायला त्याला फार वेळ लागला.