हात न टेकता

साळवे सिस्टरांच्या घरी पहिल्यांदा गेलेल्या माणसाला चहाआधी जमिनीवर बसावं लागतं. बसण्यात काही नाही, खरी गोष्ट उठण्यात आहे. हात न टेकता, मांडीवर तळवा न दाबता, भिंत न धरता उठायचं. सिस्टर कमरेवर हात ठेवून समोर उभ्या असतात. उठणारा कुठे अडतो ते बघतात आणि निकाल सांगतात. "ठीक आहे," नाहीतर "काम करावं लागेल." गॅसची टाकी आणणाऱ्याला सूट नाही, घरपट्टीचा कागद घेऊन आलेल्या शिपायालाही नाही. मी वाटीभर विरजण मागायला गेले होते. तेव्हा मी अडतिसाची, शाळेत दिवसभर उभी राहून शिकवणारी बाई, आणि मला डावा हात टेकावा लागला. विरजण मिळालं, पण "काम करावं लागेल" हे ऐकूनच.

सिस्टर सरकारी दवाखान्यातून परिचारिका म्हणून निवृत्त झाल्या. लग्न केलं नाही. जामखेडला आमच्या शेजारच्या दोन खोल्यांत एकट्या राहतात, मधे कमरेएवढी भिंत. निवृत्तीनंतर तीनेक वर्षं त्या अगदी साध्या होत्या. गल्लीतल्या म्हाताऱ्यांचं बीपी बघायच्या, रविवारी चर्चला जायच्या, कुंड्यांना पाणी घालायच्या. चार वर्षांपूर्वी अचानक त्यांनी ताकदीचा विषय हातात घेतला. आम्हाला वाटलं, निवृत्तीचा कंटाळा. माझे यजमान टेम्पो चालवतात, ते म्हणाले की मोबाईलचा परिणाम.

मोबाईलचा हात त्यात होताच. आरोग्यावर नवीन काय संशोधन झालं ते सिस्टर रोज सकाळी चष्मा लावून इंग्रजीत वाचतात आणि वहीत मराठीत उतरवतात. पण वाचलेलं सगळं खरं मानत नाहीत. गल्लीच्या ग्रुपवर कुणी काढ्याचा नाहीतर कारल्याच्या रसाचा मेसेज टाकला की खाली सिस्टरांचा एकच शब्द येतो, "पुरावा?" पुरावा कुणीच देत नाही. तरी त्या दरवेळी विचारतात.

त्यांचा दुसरा शब्द "रद्द". आधी सांगितलेलं नवीन वाचनात चुकीचं निघालं, की त्या घरोघर जाऊन ते रद्द करतात. अंड्यातलं पिवळं टाका असं त्यांनी एकदा सगळ्यांना सांगितलं होतं. काही महिन्यांनी दारात येऊन म्हणाल्या, "पिवळं टाकायचं ते रद्द. धडधाकट माणसानं खावं." समोरचे निवृत्त ग्रामसेवक काका त्यांच्या सांगण्यावरून रोज दहा हजार पावलं चालायचे. पाऊस असला की ओट्यावर येरझाऱ्या घालून आकडा पूर्ण करायचे. एक दिवस सिस्टरांनी त्यांना गाठून सांगितलं की दहा हजाराचा हट्ट रद्द, कमी चाललं तरी फायदा होतो, आणि नुसतं चालून भागत नाही, थोडं वजनही उचलायला पाहिजे. काका चिडले. दोन जोड चपला झिजल्या त्याचं काय, म्हणाले. सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "त्या कामी आल्या. फक्त कारण बदललं."

वजनं त्यांनी बाजारपेठेतल्या एका बंद झालेल्या किराणा दुकानातून मिळवली. लोखंडी मापं, अर्ध्या किलोपासून पाच किलोपर्यंत. सकाळी सहाला अंगणात त्या साडीचा पदर खोचून ती उचलतात. पाच किलोचं माप दोन हातांत धरून खाली वाकायचं, वर यायचं. मोजणी मोठ्यानं. एखादा आकडा चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकटीत किती वेळा उचललं ते लिहायचं, आणि दोन आठवड्यांनी थोडं वाढवायचं. "थोडंच," त्या बजावतात. "एकदम वाढवणारा आठवड्यात घरी बसतो."

चर्चमध्येही त्यांची नजर सुटत नाही. प्रार्थनेला गुडघे टेकून झाल्यावर कोण बाक धरून उठतं ते त्या बघतात आणि बाहेर आल्यावर त्याला बाजूला घेतात. पाळकांनी म्हणे एकदा त्यांना विनंती केली की निदान प्रार्थनेच्या वेळी डोळे मिटून घ्यावेत. सिस्टर म्हणाल्या, मिटते, पण आमेन झाल्यावर उघडते.

हे सगळं आम्ही गंमत म्हणून बघायचो. मागच्या वर्षी पावसाळा संपता संपता माझ्या सासूबाई तापानं आजारी पडल्या.

सासूबाईंचं नाव गयाबाई. खर्ड्याकडच्या. वीस हंगाम ऊसतोडीला गेलेल्या. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणारी बाई, तिला कुणी आजारी बघितलेलं नव्हतं. ताप गेला, पण सांधे धरले आणि महिनाभर त्या पडून राहिल्या. उठायला लागल्या तेव्हा पायांत काही उरलेलंच नव्हतं. खुर्चीतून उठवायला माणूस लागायचा. संडासला जाताना तर मी लागायचेच, आणि मी दिवसभर शाळेत. एक दिवस संध्याकाळी घरी आले तर सकाळी भरून ठेवलेला तांब्या तसाच. दुसऱ्या दिवशीही तसाच. मी रागावले तेव्हा खाली बघून म्हणाल्या, "पानी पिलं की उठावं लागतं, बाई."

मी तशीच भिंतीपाशी गेले आणि सिस्टरांना हाक मारली.

त्यांनी आधी डॉक्टरांचे कागद वाचले. मला पुन्हा डॉक्टरांकडे पाठवून व्यायामाला हरकत नाही ना, हे विचारून यायला लावलं. मग आल्या आणि सासूबाईंसमोर बसून, आपण ताकद वाढवायची, म्हणाल्या. सासूबाईंनी तोंड फिरवलं.

"मोळ्या उचलून उचलून जलम गेला माजा. आता आनि काय उचलू?"

"तेव्हा खाल्लेल्या भाकरीवर आज पोट भरतं का, गयाबाई?" सिस्टर म्हणाल्या. "ताकदीचं तसंच आहे. रोजची रोज कमवावी लागते."

सासूबाईंना हे पटलं की नाही, कोण जाणे. पण दुसऱ्या दिवशी त्या तयार होत्या.

खुर्चीवर दोन उशा ठेवल्या. उंच बैठकीवरून उठणं सोपं. पाच वेळा उठायचं, थांबायचं, पुन्हा पाच वेळा. पंधरा दिवसांनी एक उशी गेली, पुढे दुसरी. मग खुर्ची गेली आणि स्टूल आलं. एक दिवसाआड व्यायाम, मधला दिवस सुट्टी. ही सुट्टी सासूबाईंना मान्य नव्हती. ऊसतोडीला मधली सुट्टी नसते. मी शाळेत गेले की त्या गुपचूप करायच्या, आणि एकदा मांड्या एवढ्या भरून आल्या की दोन दिवस कण्हत बसल्या. सिस्टरांनी ओळखलं. स्नायू आराम करताना वाढतो, हे त्यांनी पाच वाक्यांत समजावलं आणि सहावं वाक्य माझ्याकडे बघून, की ह्यांच्यावर लक्ष ठेव. जेवणात अंडी, मटकी, दही आलं. सासूबाई कुरकुरायच्या की आजारात एवढं कुणी खातं का. पण तांब्या आता दुपारपर्यंत रिकामा व्हायला लागला.

स्टुलानंतर पाट, पाटानंतर जमीन. जमिनीला सगळ्यात जास्त वेळ लागला. उन्हाळा आला. सासूबाई दोन्ही हात टेकून उठायच्या, मग एक हात. वैशाखातल्या एका सकाळी त्या सिस्टरांच्या घरात खाली बसल्या, पाय गोळा केले, पुढे झुकल्या, दात आवळले आणि उठल्या. एक बोट टेकलं. सिस्टरांनी कॅलेंडरवर लिहिलं, "गयाबाई, एक बोट." मग चहा टाकला.

चहा पिताना सासूबाईंनी सरळ विचारलं, "तुमाला ह्ये येड लागलं कशानं, सिस्टर?"

सिस्टरांनी कप खाली ठेवला. म्हणाल्या, "पडले होते मी."

चार वर्षांपूर्वी, एका रविवारी, तब्येत ठीक नव्हती म्हणून चर्चला गेल्या नव्हत्या. न्हाणीघरात पाय घसरला. हाड मोडलं नाही, डोकं आपटलं नाही. फक्त उठता येईना. तीस वर्षं दवाखान्यात लोकांना उचलून बसवलेली बाई, स्वतःला फरशीवरून उचलू शकत नव्हती. साडेनऊला पडल्या ते दोन वाजेपर्यंत तिथेच. दोनदा हाक मारली. मग कुणी आलंच तर अंगावर कपडे धड नाहीत, या विचारानं गप्प राहिल्या. शेवटी बादली पालथी घातली, तिच्यावर कोपर रोवून कशाबशा वर आल्या.

"तुमच्याकडे कुकर लावलेला होता," त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. तक्रार नव्हती आवाजात. "पाच शिट्ट्या झाल्या. मग कपडे धुतल्याचा आवाज. तू गाणं म्हणत होतीस."

मी घरी होते. भिंतीच्या अलीकडे. मी विचारलं, सांगितलं का नाहीत नंतर? त्या म्हणाल्या, काय सांगायचं, हाड तर मोडलं नव्हतं. आणि कप विसळायला उठल्या.

सासूबाईंनी चहा संपवला. घरी आल्या, जेवल्या, झोपल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या आधी त्या भिंतीपाशी उभ्या होत्या.

"सिस्टर, उठल्या का?"

आतून उत्तर आलं, "उठले."

तिसऱ्या दिवशीही, चौथ्या दिवशीही. सिस्टरांना ते आवडलं नाही. मी काय लहान आहे का, अशानं माझी मोजणी चुकते, असं त्या मला म्हणाल्या. मी सासूबाईंना तसं सांगून बघितलं. त्यांनी ऐकलंच नाही. उत्तर येईपर्यंत त्या भिंत सोडत नसत. एकदा सिस्टर दूध आणायला कोपऱ्यावर गेल्या होत्या, तर सासूबाईंनी समोरच्या काकांना उठवून आणलं.

गेल्या महिन्यात सासूबाई भाचीच्या हळदीला खर्ड्याला गेल्या. एकट्या, बसनं, पायरी स्वतः चढून. दुसऱ्या दिवशी सकाळी मी डब्याच्या गडबडीत होते. पोळ्या लाटता लाटता खिडकीतून बाहेर लक्ष गेलं. सिस्टर भिंतीपलीकडे उभ्या होत्या. मापं खाली ठेवलेली, पदर खोचलेला, व्यायाम सुरू केलेला नाही. सहा वाजून बराच वेळ झाला होता.

मी पिठाच्या हातानं बाहेर आले.

"गयाबाई गेल्या वाटतं," त्या म्हणाल्या.

म्हटलं, हो, परवा येतील. हळद आहे.

त्यांनी मान हलवली. कुंडीतलं एक वाळलेलं पान तोडलं, बोटांत चुरगाळलं. आत गेल्या नाहीत.

"मग आज तू विचार," त्या म्हणाल्या.

त्या समोर, हातभर अंतरावर, उभ्या होत्या. तरी मी विचारलं.

"उठले," म्हणाल्या, आणि माप उचलून मोठ्यानं मोजायला लागल्या.