फक्त आवाज बोलावला होता

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि शब्द साधे आहेत, त्याबद्दल आधीच माफी मागतो; आठवीनंतर मी शाळेत गेलो नाही. अच्युतबुवा डिग्रजकर यांचा आवाज गेली अकरा वर्षं दिवाळीत आमच्या गावी एकटाच एस.टी.ने येतो. उरलेले बुवा घरी राहतात. आवाजाला स्टँडवरून उतरवून घ्यायचं काम माझ्याकडे आहे.

पूर्वी अख्खे बुवा यायचे. एका वर्षी तंबोऱ्यावर बसलेल्या मुलीचं मनगट त्यांनी स्टेजमागच्या खोलीत मुरगळलं. तिच्या वडिलांनी संगीत मंडळाकडे अर्ज दिला. मंडळाने तीन बैठका घेतल्या आणि ठराव केला, की मंडळाचा संबंध फक्त आवाजाशी आहे, तेव्हा यापुढे फक्त आवाजालाच बोलवावं. हाच ठराव मग दुसऱ्या गावांनी आणि बुवांची गाणी काढणाऱ्या कंपनीनेही केला. त्या मुलीला पुन्हा कोणी बोलावलं नाही, कारण तिच्याबद्दल ठराव झाला नव्हता.

आवाज दिसत नाही, पण आला की कळतं. प्रवासभर तो खिडकीची जागा सोडत नाही. उतरताना दोनदा खाकरतो, आणि स्टँडवरचा भजीवाला झारा हातात धरून तसाच उभा राहतो. मी आवाजाला मंडळाच्या खोलीवर नेतो, मीठ-हळदीचं कोमट पाणी देतो आणि रजिस्टरमध्ये नोंद करतो: तारीख, गाडी, आवाजाची स्थिती, कारण. स्थितीत दरवर्षी 'स्वच्छ' लिहायचं. कारणाचा रकाना मोकळा राहायचा.

मला हे काम फार आवडायचं. लहानपणी दिवाळीच्या पहाटे रेडिओवर हाच आवाज लागायचा. आई मला उटणं लावत असायची. आवाज लागला की तिचा हात माझ्या पाठीवर तसाच थांबायचा. मी कुडकुडत पाटावर बसलेलो, बंबातलं पाणी उकळतंय, आणि ती म्हणायची, "हलू नको रे, सम येऊ दे." सम म्हणजे काय ते तिला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. पण आली की दोघांना कळायची. मग ती पाठीवर पहिला तांब्या ओतायची.

यंदा लक्ष्मीपूजनाच्या दुपारी आवाज गाडीतून उतरला तो बसलेला.

"काय झालं, बुवा?" मी विचारलं.

"परवा घरी फार ओरडावं लागलं, बाळ," आवाज म्हणाला. "उरलेल्याने हात उचलला की ओरडायचं माझ्याकडे येतं. दीड तास चाललं."

"कुणावर?"

"घरात दुसरं कोण असतं?"

मी लिहिलं. स्थिती: बसलेला. कारण: परवा घरी पत्नीवर दीड तास ओरडला, हात उरलेल्या बुवांनी उचलला. कोणी सांगेल ते मी तसंच लिहितो, वेगळं लिहायला मला जमत नाही. नोंद वाचून दाखवल्यावर आवाजाने नेहमीसारखं "हूं" केलं. तेही सहीच्या जागी लिहिलं आणि मंडळाचा शिक्का मारला.

मागच्या गाडीने नलूताई आल्या. त्या बुवांच्या पत्नी. पाडव्याला बायको नवऱ्याला ओवाळते, म्हणून आमच्याकडे मैफलीआधी त्या स्टेजवर येऊन आवाजाला ओवाळायच्या. लोकांना ते फार आवडायचं, काही बायका डोळे पुसायच्या. यंदा नलूताईंचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता.

"मी उद्या ओवाळणार नाही," त्या आमचे कार्यवाह बिवलकर सर यांना म्हणाल्या. "ते सांगायलाच आले."

"अहो वहिनी, डाव्या हाताने चालतं. अडचणीला सूट असते."

"हात त्यांनी मोडलाय."

"त्यांनी म्हणजे उरलेल्यांनी." सरांनी चष्मा काढून पुसला. "मग यात आवाजाचा काय दोष? उरलेल्यांना आम्ही बोलावलेलंच नाही. आम्ही फक्त आवाज बोलावलाय."

"आमच्याकडचे पोलीसही तसंच म्हणतात. हे सांगतात, मी तेव्हा रियाजाला बसलो होतो. शेजारी सांगतात, आम्हाला तर गाणंच ऐकू आलं. साहेब म्हणाले, कुणाचं लेखी असेल तर आणा, लगेच तक्रार घेतो. आता मला लेखी कोण देणार?"

बोलायला हवं होतं. पण चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. मी रजिस्टर उघडून टेबलावर ठेवलं.

सरांनी दोनदा वाचलं. "हणमंत, कारणाचा रकाना कधी भरतात का?"

"रकाना आहे म्हणून भरला, सर."

"खोड ते. फटाक्यांचा धूर, असं लिही. आणि भाऊबिजेला सकाळी रजिस्टर घरी आणून दाखव मला."

नलूताईंनीही वाचलं होतं. डाव्या हाताचं बोट त्यांनी त्या ओळीवर ठेवलं होतं, ते सरांनी रजिस्टर मिटलं तेव्हा उचललं.

मंडळाची खोली एकाच पाहुण्यापुरती आहे आणि तिथे आवाज उतरलेला होता. म्हणून नलूताई आमच्या घरी राहिल्या.

पाडव्याच्या पहाटे हॉल भरला. ओवाळायचं ताट स्टेजवर तसंच राहिलं आणि निरांजन आपोआप शांत झालं.

"यंदा वहिनी नाहीत?" पुढच्या रांगेतल्या एक बाई म्हणाल्या.

"जिन्यावरून पडल्या म्हणे."

"अगंबाई! मागच्या दिवाळीलाही पडल्या होत्या ना?"

"जिनाच अवघड असेल. शू, लागला बघा सूर."

रिकाम्या गादीवरून आवाज गायला. हळदीच्या पाण्याने तो मोकळा झाला होता. तो वाईट गायला असता तर मला सोपं गेलं असतं. पण तो लहानपणीसारखाच गायला. सम आली तेव्हा मी सवयीने आईकडे पाहिलं. ती दरवर्षी दाराजवळ उभी असते. यंदा ती जागा मोकळी होती. एका हाताने वेणी घालता येत नाही, म्हणून ती नलूताईंची वेणी घालायला घरी थांबली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊबीज होती. नलूताईंना भाऊ नाही, त्या दरवर्षी चंद्राला ओवाळतात. मला बहीण नाही. आईने पाट मांडला आणि म्हणाली, "बस रे हणमा. यंदा चंद्राला सुट्टी."

नलूताईंनी डाव्या हाताने ओवाळलं. मी रजिस्टरमधलं ते पान ब्लेडने कापून घेतलं होतं. घडी करून ताटात ठेवलं.

"दादा, हे लोक परत मागतील," त्या म्हणाल्या.

"ओवाळणी कुणी परत मागतं का गं?" आई म्हणाली.

जाता जाता मी बिवलकर सरांच्या पायरीवर रजिस्टर ठेवलं, एक पान कमी असलेलं. मग नलूताईंना घेऊन स्टँडवर गेलो. आवाज त्याच गाडीने परत जाणार होता. चढल्यावर तो दोनदा खाकरला आणि म्हणाला, "बाळ, माझी खिडकी."

खिडकीशी मी नलूताईंना बसवलं आणि त्यांच्या शेजारी मी बसलो. पोलीस ठाण्याचा थांबा येईपर्यंत आवाज उभाच होता.